कादंबरीचं नाटक झालं, तर नाव काय लावायचं आणि नोंद कशी करायची?

'बॅरिस्टर' ग्रंथालयात नाटकांच्या फळीवर असतं, 'अंधाराच्या पारंब्या' कादंबऱ्यांच्या फळीवर. दोन्ही जयवंत दळवी यांचीच. १९७७ साली रंगभूमीवर आलेलं 'बॅरिस्टर' हे दळवींनी आपल्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून लिहिलं. पुढं विजया मेहता यांनी या नाटकावरून 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला. म्हणजे कथा एक आणि नावं तीन. जुन्या वाचकाला हे तोंडपाठ असतं. पण नव्या वाचकाला, किंवा परगावी कॉम्प्युटरवर यादी चाळणाऱ्याला, या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे कळणार कसं? यादीत कुणी लिहिलं असेल तरच.

बेळगाव, निपाणी, खानापूर, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी मराठी नाटक जगवलं ते हौशी मंडळींनी, वाचनालयांनी आणि उत्सवांनी. तिथं नाटकाची एकच हस्तप्रत चार मंडळांत फिरते. पहिलं पान फाटलं की रूपांतरकाराचं नाव त्याच्यासोबत जातं. मग हँडबिलावर कादंबरीकाराचंच नाव 'लेखक' म्हणून छापलं जातं, आणि ज्यानं वर्षभर खपून चारशे पानांचे तीन अंक केले तो माणूस कायमचा गायब. उलटही होतं. नाटकाचं नाव वेगळं असलं की मूळ कादंबरीकार विसरला जातो. हे दोन्ही टाळता येतं आणि त्यासाठी लागतात फक्त दोन-तीन ओळी.

आधी शब्द नीट वापरायचे

मराठीत 'रूपांतर' हा शब्द फार सैल वापरला जातो. परभाषेतलं नाटक मराठीत जसंच्या तसं आणलं तर ते भाषांतर किंवा अनुवाद. परभाषेतलं नाटक इथल्या माणसांत, इथल्या गावात आणून बसवलं तर ते रूपांतर. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' हे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण, मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. इथं नाटकाचंच नाटक झालं. कादंबरीचं नाटक होतं तेव्हा प्रकारच बदलतो, म्हणून त्याला 'नाट्यरूपांतर' हा वेगळा शब्द आहे आणि तोच वापरावा.

'रंगावृत्ती' हा आणखी वेगळा प्रकार. छापील नाटक एखाद्या दिग्दर्शकानं प्रयोगासाठी कापलं, प्रवेश मागेपुढे केले, दोन पात्रं गाळली, तर ती रंगावृत्ती. तिचा कर्ता नाटककार होत नाही. हौशी मंडळांत यावरून भांडणं होतात, म्हणून हे आधीच स्पष्ट असलेलं बरं.

राहिले 'आधारित' आणि 'प्रेरित'. 'आधारित' म्हणजे कथानक, पात्रं, प्रसंगांचा क्रम मुळातून घेतलेला. 'प्रेरित' म्हणजे ठिणगी तिथली, जाळ स्वतःचा. परवानगी आणि मानधन टाळायला 'आधारित'च्या जागी 'प्रेरित' छापायची सवय अनेकांना आहे. यादी करणाऱ्यानं हँडबिलावरचा शब्द जसाच्या तसा उतरवावा, पण संहिता वाचून तो 'आधारित'चाच मामला वाटला तर टीप म्हणून तसं लिहायला कचरू नये.

नावाचे तीन प्रकार, आणि फसवी नावं

पहिला प्रकार सरळ: कादंबरीचं नाव तेच नाटकाचं. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी १९५२ची, नाटकही पेंडशांनीच केलं आणि नाव तेच ठेवलं. काशिनाथ घाणेकरांचा बापू आठवणारे प्रेक्षक आजही भेटतात. शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे, म्हणजे बेळगावकरांना शेजारचेच. त्यांच्या 'छावा'चंही कादंबरी आणि नाटक दोन्हीकडे तेच नाव, आणि २०२५ साली आलेल्या हिंदी चित्रपटाचंही तेच. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीचं नाट्यरूपांतर मात्र दुसऱ्या लेखकानं, राम जोगळेकर यांनी केलं. नाव तेच राहिलं. २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट आला. त्यामुळे नुसतं 'आनंदी गोपाळ' एवढंच लिहिलेली नोंद कुणाच्याच कामाची नाही. जोशींची की जोगळेकरांची, वाचायची की पाहायची, काहीच कळत नाही.

दुसरा प्रकार, मूळ लेखक तोच पण नाव बदललेलं. 'बॅरिस्टर'चं वर आलंच. पेंडशांची 'हद्दपार' रंगभूमीवर 'राजेमास्तर' झाली. यात एक रीत दिसते: कादंबरीचं नाव एका अवस्थेचं किंवा प्रतिमेचं असतं, नाटकाचं नाव माणसाचं होतं. कारण व्यावहारिक आहे. कादंबरी वाचणाऱ्याला 'पारंब्या' कसल्या हे तीनशे पानांत उलगडतं. नाटकाची जाहिरात वाचणाऱ्याला रंगमंचावर कोण येणार हे एका शब्दात हवं असतं.

तिसरा प्रकार, लेखकही वेगळा आणि नावही वेगळं. दळवींच्या 'महानंदा' कादंबरीवरून शं. ना. नवरे यांनी नाटक लिहिलं, ते 'गुंतता हृदय हे'. कादंबरीचं नाव नायिकेचं, नाटकाला मिळालं एका गाजलेल्या नाट्यपदातलं नाव. मागची-पुढची उलटापालट इथं नेमकी विरुद्ध दिशेनं झाली, म्हणजे वरची रीत काही नियम नव्हे. नोंदीच्या दृष्टीनं हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. नवऱ्यांच्या नावाखाली नाटक, दळव्यांच्या नावाखाली कादंबरी, आणि मध्ये पूल नाही.

आता फसवी नावं. 'रणांगण' म्हटलं की वाचकाला विश्राम बेडेकर आठवतात. १९३९ची ती कादंबरी मराठीतली मोठीच. पण वामन केंद्रे यांनी दिग्दर्शित केलेलं 'रणांगण' हे नाटक बेडेकरांच्या कादंबरीवरचं नाही. ते विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' या १९८८च्या कादंबरीवरचं. नाव जुळलं म्हणून कुणी बेडेकरांच्या कार्डावर 'नाट्यरूपांतर उपलब्ध' असं लिहिलं तर ती चूक पिढ्यानपिढ्या नकलली जाईल. याद्या एकमेकींवरून उतरवल्या जातात, हे विसरू नये.

सीमाभागात तर 'ययाति'चा घोळ ठरलेला. वि. स. खांडेकर यांची कादंबरी १९५९ची, तिलाच पुढे १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. गिरीश कार्नाड यांचं कन्नड नाटक 'ययाति' १९६१ला प्रसिद्ध झालं. दोन वर्षांचं अंतर, नाव एक, राजा एक. म्हणून कार्नाडांनी खांडेकरांवरून नाटक केलं असं मानणारे दोन्ही भाषांत सापडतात. तसं नाही. कार्नाडांचं मूळ महाभारतात. दोघांची विहीर एक, पोहरे वेगळे. अशा वेळी नोंदीत 'आधारित' लिहायचं नाही. फार तर 'त्याच पौराणिक कथेवरील, हेही पाहा' एवढं पुरे.

आणखी एक फसवणूक: पेंडशांची 'गारंबीची राधा'. नावावरून कुणालाही ते 'बापू'चं नाटक किंवा दुसरी आवृत्ती वाटेल. ती स्वतंत्र कादंबरी आहे, त्याच माणसांची पुढची गोष्ट सांगणारी. तिला 'पुढील भाग' म्हणायचं, रूपांतर नाही.

परदेशातही हेच चालतं, फक्त खुणा वेगळ्या. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'वरून लायोनेल बार्टनं १९६० साली संगीतिका केली आणि नाव ठेवलं 'ऑलिव्हर!'. त्या एका उद्गारचिन्हानं कादंबरी आणि नाटक वेगळं ओळखू येतं. सर्व्हँटिसच्या 'डॉन किहोटे'वरची १९६५ची संगीतिका 'मॅन ऑफ ला मांचा' या नावानं आली. ह्यूगोची 'ले मिझराब्ल' मात्र पॅरिसला १९८०मध्ये आणि लंडनला १९८५मध्ये त्याच नावानं रंगली, त्यामुळे तिथल्या ग्रंथपालांना कंसात 'संगीतिका' लिहावंच लागतं.

नोंद कुणाच्या नावावर?

इथं नियम स्पष्ट आहे आणि तो आपल्याकडे सर्रास मोडला जातो. जुन्या अँग्लो-अमेरिकन सूचिसंहितेतही आणि २०१०पासूनच्या आरडीए या नव्या नियमावलीतही कादंबरीचं नाटक हे नवं काम मानलं जातं. त्याचा कर्ता नाट्यरूपांतरकार. मुख्य नोंद त्याच्या नावावर. मूळ कादंबरीकाराचं नाव आणि कादंबरीचं नाव संबंध म्हणून जोडायचं, 'अमुक कादंबरीचं नाट्यरूपांतर' असं. 'आनंदी गोपाळ' हे नाटक जोगळेकरांच्या नावावर, 'गुंतता हृदय हे' नवऱ्यांच्या नावावर. मूळ लेखक थोर आहे म्हणून नाटकही त्याच्याच खात्यावर टाकणं म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या वहीत लिहिणं.

वर्गांकाचंही तसंच. ड्युई दशांश पद्धतीत मराठी नाटक ८९१.४६२ आणि मराठी कादंबरी ८९१.४६३. शेवटचा एक आकडा बदलतो आणि पुस्तक दुसऱ्या कपाटात जातं. हे बरोबरच आहे, त्यात बदल करायचा नाही. 'छावा' नाटक कादंबरीशेजारी ठेवलं तर नाटक शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. कपाटं वेगळी राहू द्यावीत, जोडणी यादीत करावी.

आणि ती जोडणी दोन्ही बाजूंनी हवी. कुठल्याही दुकानाच्या हिशेबाला लागू होतं तेच इथंही: एका खात्यात नावे पडलं तर दुसऱ्यात जमा दिसलंच पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. नाटकाच्या नोंदीत कादंबरीचा उल्लेख आणि कादंबरीच्या नोंदीत नाटकाचा. बहुतेक याद्यांत पहिलं असतं, दुसरं नसतं. महानंदा वाचून संपवलेल्या वाचकाला तिचं नाटक झालंय हे सांगणारी ओळ कादंबरीच्या कार्डावर असते कुठं?

साध्या वाचनालयाला पुरेल अशी नोंद अशी दिसावी:

गुंतता हृदय हे : नाटक / शं. ना. नवरे. जयवंत दळवी यांच्या 'महानंदा' या कादंबरीचं नाट्यरूपांतर.

महानंदा : कादंबरी / जयवंत दळवी. नाट्यरूपांतर: 'गुंतता हृदय हे', शं. ना. नवरे (नाटक विभाग पाहा).

रूपांतरकार आणि कादंबरीकार एकच असेल तेव्हाही आळस नको. 'बॅरिस्टर : नाटक / जयवंत दळवी. लेखकाच्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून' असं लिहायला अर्धं मिनिट लागतं.

नाव एक आणि नाटकं दोन असतील तर नावापुढे कंसात रूपांतरकाराचं आडनाव लिहावं. हा प्रश्न पुढं वाढणार आहे. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच सर्वांसाठी मोकळ्या झाल्या. 'उषःकाल' किंवा 'पण लक्षात कोण घेतो' यांचं नाटक उद्या पाच गावांतली पाच मंडळं आपापल्या परीनं करू शकतात, आणि पाचही मूळ नावच ठेवतील.

वर्षाची एक अडचण राहते. नाटकाला दोन तारखा असतात, पहिल्या प्रयोगाची आणि पुस्तक छापल्याची. कधी पुस्तक प्रयोगानंतर वर्षांनी येतं, कधी येतच नाही. दोन्ही रकाने वेगळे ठेवावेत. एकच ठेवून त्यात मिळेल ते वर्ष टाकलं की पुढं कुणीतरी त्यावरून 'आधी कोण' असा वाद घालतो.

'संगीत', इकार आणि रोमन लिपी

जुन्या नाटकांपुढं 'संगीत' हा शब्द असतो. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांचं १८८२चं 'सौभद्र' बहुतेक ठिकाणी 'संगीत सौभद्र' म्हणून लिहिलेलं. 'स' खाली 'संगीत' या शब्दानं शेकडो नाटकं गोळा झाली तर यादीचा उपयोग शून्य. मुख्य नोंद 'सौभद्र' अशी करावी, 'संगीत' मागे टाकावं. पण मुखपृष्ठावर आहे तो शब्द पुसायचा नाही, वर्णनात ठेवायचाच.

शुद्धलेखनाचंही भान लागतं. साहित्य महामंडळाच्या नियमांनंतर शब्दाअखेरचा इकार दीर्घ झाला, जुन्या मुखपृष्ठांवर तो ऱ्हस्व आहे. 'ययाति' आणि 'ययाती' कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द वाटतात. 'राजेमास्तर' आणि 'राजे मास्तर' यांचंही तेच. पुस्तकावर जसं छापलंय तसं मुख्य नोंदीत लिहून दुसरं रूप 'हेही शोधा' मध्ये द्यावं.

परराज्यातल्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकं अनेकदा रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि तिथं 'छावा' तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: एक 'एच', दोन 'एच', दोन 'ए'. बॅरिस्टर तर इंग्रजी स्पेलिंगनं लिहायचा की मराठी उच्चारानं, यावर दोन ग्रंथपालांचं एकमत होणं कठीण. उपाय एकच. देवनागरी नाव मूळ नोंदीत टाका, रोमन रूप जोडीला. आजची सॉफ्टवेअर देवनागरी घेतात, न घेण्याचं कारण उरलेलं नाही.

कन्नड-मराठी जोडणी हा सीमाभागाचा खास विषय. कुवेंपूंची 'मलेगळल्ली मदुमगळू' ही कादंबरी म्हैसूरच्या रंगायणात रात्रभर चालणारं नाटक म्हणून रंगली, रंगरूप के. वाय. नारायणस्वामी यांचं, दिग्दर्शन सी. बसवलिंगय्या यांचं. एस. एल. भैरप्पांच्या 'पर्व'चा दीर्घ प्रयोगही २०२१ला तिथंच प्रकाश बेळवाडी यांनी केला. 'पर्व' मराठीत आणली मूळ बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी. समजा एखाद्या मंडळानं त्या मराठी पुस्तकावरून मराठी नाटक लिहिलं, तर नोंदीत तीन नावं यायला हवीत: मूळ लेखक, अनुवादक आणि नाट्यरूपांतरकार. संवाद ज्या मराठीतून उचलले ती मराठी अनुवादकाची असते. तिचं नाव गाळणं हा नुसता विसराळूपणा म्हणता येणार नाही.

परवानगीचा कागद

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचं नाटक करणं हे 'रूपांतर' या व्याख्येतच येतं आणि तो हक्क मूळ लेखकाचा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं तो टिकतो. हिशेब सोपा आहे. साने गुरुजी १९५०ला गेले, त्यांचं लेखन २०१०च्या अखेरीस मोकळं झालं. खांडेकर १९७६ला, म्हणजे 'ययाति' २०३६ अखेरपर्यंत हक्कात. कोवाडचे रणजित देसाई १९९२ला, म्हणून 'स्वामी' २०५२ अखेरपर्यंत. सावंत २००२ला, त्यांच्या कादंबऱ्या २०६२ अखेरपर्यंत.

नाट्यरूपांतराला स्वतःचा वेगळा हक्क असतो. त्यामुळे दुसऱ्यानं केलेलं रूपांतर तिकीट लावून करायचं तर परवानगी दोघांकडची लागते, कादंबरीकडची आणि नाटकाकडची. हौशी मंडळानं पैसे न घेता केलेल्या किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठीच्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, गणेशोत्सवातली नाटकं त्यावरच निभावतात. पण ती सूट प्रयोगापुरती. संहिता छापून विकायला ती उपयोगी नाही.

नुसत्या नावावर मात्र कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली 'देसी बॉइज' चित्रपटाच्या प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून दुसरं 'रणांगण' येऊ शकतं. कायद्यानं चालतं म्हणून ते सोयीचं असतंच असं नाही. गाजलेल्या कादंबरीचं नाव भलत्याच नाटकाला देणं टाळलेलंच चांगलं, आणि कादंबरीवरून केलेल्या नाटकाला शक्यतो तिचंच नाव द्यावं. बदलायचंच असेल तर हँडबिलावर, तिकिटावर आणि संहितेच्या पहिल्या पानावर नाटकाच्या नावाखालच्याच ओळीत मूळ कादंबरी आणि लेखक यावा. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ऋणनिर्देश' म्हणून नव्हे.

मंडळांसाठी शेवटचं व्यावहारिक. संहितेच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाटकाचं नाव आणि रूपांतरकाराचं आडनाव टाइप करून ठेवावं, पहिलं पान फाटलं तरी नाव टिकतं. परवानगीच्या पत्राची झेरॉक्स संहितेलाच टाचावी. महाराष्ट्रात प्रयोग केला असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रतही तिथंच, कारण त्यावर नाटकाचं आणि लेखकाचं नाव तारखेसह असतं. आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी हँडबिलाच्या दोन प्रती गावच्या वाचनालयात नेऊन द्याव्यात, एक दाखल करण्यासाठी आणि एक कादंबरीच्या पुस्तकात ठेवण्यासाठी.